न्यावें कीं टाकावें?

घरांतील एक माणूस परदेशीं असलें म्हणजे त्याचें पत्र एकट्यादुकट्याचें राहत नाहीं. तें सर्व घराचें होतें. आमच्या घरीं हल्लीं अशीं पत्रें कागदावर येत नाहींत. तीं नातीच्या मोबाइलवर येतात, आणि रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे ती तीं सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविते. २०२३ सालच्या श्रावणांत असेंच एक पत्र वाचलें गेलें आणि त्यावरून घरांत मोठा वाद माजला. त्याचें वृत्त आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाद घरचा असला तरी प्रश्न घरोघरचा आहे. कारण ज्या घरांतून कोणीच समुद्रापलीकडे गेलें नाहीं असें घर आमच्या वाचकांत आतां क्वचितच सांपडेल.

पत्र आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाचें होतें. बंधु आज हयात नाहींत. मुलगा बारा-तेरा वर्षें अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांत, नोकरीस होता. आतां इंग्लंडांत नवी नोकरी मिळाली असून तिकडे बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें, असें त्यानें कळविलें होतें. पलंग, कपाटें, टेबलें विकणार. भांडीं मित्रांस वाटणार. पुस्तकांपैकीं निम्मीं वाचनालयास देणार. ‘मोटार मात्र बरोबर नेत आहें,’ असें शेवटीं एकच वाक्य होतें.

मोटार कसली म्हणाल, तर १९९४ सालची, जपानी बनावटीची, वरचें कापडी छप्पर मागें दुमडून ठेवतां येईल अशी, आणि दोनच माणसें बसतील एवढी. इंग्रजींत जिला स्पोर्ट्स कार म्हणतात त्या जातीची. चौदा माणसांच्या घरांत वाढलेल्या मुलानें दोन आसनांची मोटार घ्यावी, हें आम्हांस त्यानें ती २०११ सालीं जुनी म्हणून विकत घेतली तेव्हांही रुचलें नव्हतें. आतां ती एकोणतीस वर्षांची गाडी दोन महासागर ओलांडून न्यावयाची!

पत्र संपलें तेव्हां क्षणभर कोणी बोललें नाहीं, आणि मग सर्वच एकदम बोलूं लागले. आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, “इंग्लंडांत मोटारींचा दुष्काळ पडला आहे काय? हे राजेलोकांचे चोचले!” त्यांच्या डोळ्यांपुढें इंदूरचे यशवंतराव होळकर महाराज होते. या महाराजांनीं १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीची मोटार घेतली. तिचा सांगाडा अमेरिकेंत झाला, वरची काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं घडविली, आणि मग ती हिंदुस्थानांत आली. पुढें ती पुनः अमेरिकेस गेली. “त्यांच्यापाशीं संस्थान होतें,” ज्येष्ठ बंधु म्हणाले, “याच्यापाशीं महिन्याचा पगार आहे.” सूनबाईंनीं हिशेब मांडला कीं, जहाजाच्या भाड्यांत तिकडे अशीच दुसरी गाडी दारांत उभी राहील. मुलांस गाडी पोहत जाणार कीं नावेंत बसून जाणार याचेंच कुतूहल होतें. आमच्या भावजयबाई, म्हणजे मुलाची आई, मात्र कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजेचीं फुलें आमच्यापुढें ठेवतां ठेवतां त्या म्हणाल्या, “अण्णा, मोटार नेतां येते म्हणे. आईचें कसें करतात तें त्यानें कांहीं लिहिलें नव्हतें.”

या वाक्यानें आमचा संयम सुटला. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविल्यामुळें उपदेश करण्याची जी खोड आम्हांस जडली ती निवृत्तीनंतरही गेलेली नाहीं. आम्हीं चार पानांचें पत्र लिहिलें. पतंजलींनीं यमांमध्यें अपरिग्रहाची गणना कां केली तें सविस्तर सांगितलें. वस्तु आपण बाळगतों असें आपणांस वाटतें, वास्तविक वस्तूच आपणांस बाळगूं लागते, असें एक वाक्य त्यांत आम्हांस विशेष साधलें होतें. बौधायनांनीं समुद्रसंयानास जो दोष सांगितला तो मनुष्यांच्या बाबतींत आपण केव्हांच सोडून दिला; मोटारींच्या बाबतींत तो पाळण्यास हरकत नाहीं, अशी कोटीही शेवटीं केली. पत्र धाडल्यावर आम्हांस बरें वाटलें. उपदेश करणारास नेहमींच बरें वाटतें.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. मुलगा एक तर रागावेल, नाहीं तर क्षमा मागेल, अशी आमची कल्पना होती. त्यानें दोन्ही केलें नाहीं. ब्रिटिश सरकारच्या जकात खात्याचा एक अर्ज व त्याचे नियम त्यानें धाडले, आणि वर एवढेंच लिहिलें, “मोठे काका, आधीं हें वाचा. बाकीचें उद्यां लिहितों.”

जकातीचे नियम हें रुक्ष वाङ्मय खरें. परंतु सूत्रें वाचण्याची ज्यास सवय आहे त्यास तें अगदींच परकें वाटत नाहीं. नियम असे आहेत. परदेशांतून ब्रिटनमध्यें मोटार आणली तर सामान्यतः तिच्या किंमतीवर शेंकडा १० जकात बसते, आणि मग जकात मिळवून होणाऱ्या रकमेवर शेंकडा २० मूल्यवर्धित कर बसतो. म्हणजे १०० पौंडांच्या वस्तूवर प्रथम १०, मग ११० वर २२, मिळून ३२ पौंड. आणि किंमत धरतांना तींत जहाजाचें भाडें व विमाही मिळवितात. परंतु जो मनुष्य व्यापारासाठीं नव्हे, तर आपलें बिऱ्हाडच घेऊन येत आहे, त्यास हे दोन्ही कर माफ होतात. मात्र त्यास कांहीं गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तो निदान सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा. ती वस्तु निदान सहा महिने त्याच्यापाशीं असून त्यानें ती वापरलेली असावी. आणि आणल्यापासून बारा महिने त्यानें ती विकूं नये, भाड्यानें देऊं नये, गहाण ठेवूं नये, उसनीही देऊं नये. युरोपीय संघांतील देशांचा नियमही बहुतेक याच धर्तीचा आहे.

हे नियम आम्हीं दोनदां वाचले, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळीं थोडे ओशाळलों. सरकारास ममता ठाऊक नसते. परंतु येथें त्यास व्यापारी कोण आणि बिऱ्हाडकरू कोण, हें ओळखावयाचें होतें. आणि तें ओळखण्यास त्यास मुख्यतः दोनच प्रश्न पुरेसे वाटले. तूं ही वस्तु वापरली आहेस काय? तूं ही ठेवणार आहेस काय? वस्तु गरजेची कीं चैनीची, नवी कीं जुनी, शहाणपणाची कीं वेडेपणाची, याची चौकशी तेथें नाहीं. अपरिग्रहावर चार पानें लिहितांना हे दोन प्रश्न आम्हांस सुचले नव्हते. आम्हीं मुलास एकही प्रश्न विचारला नव्हता.

या निमित्तानें त्या मोटारीच्या कुळाची हकीकतही आम्हीं वाचून काढली. लहान, उघड्या, दोन आसनांच्या मोटारींचें माहेर म्हणजे इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धानंतर एम्‌.जी., ट्रायम्फ वगैरे कंपन्यांच्या अशा गाड्या जहाजें भरभरून अमेरिकेस जात. पुढें तें युग ओसरलें. १९६२ पासून निघणारी एम्‌.जी.बी. ही गाडी १९८० सालीं बंद झाली. त्याच सुमारास बॉब हॉल नांवाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकारानें माझ्दा या जपानी कंपनीचे केनिची यामामोतो यांस सुचविलें कीं, तशी साधी, हलकी गाडी आतां कोणी करीत नाहीं, ती तुम्हीं करावी. दहा वर्षांनीं, १९८९ च्या फेब्रुवारींत, शिकागोच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. तिचें नांव एम्‌.एक्स.-५, अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात, आणि हा प्राचीन जर्मन भाषेंतील पारितोषिक या अर्थाचा शब्द आहे. २०१६ च्या एप्रिलांत हिरोशिमा येथील कारखान्यांत या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारींत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाहीं. गाडीचें वजन सुमारें एक टन, इंजिन बेताचें. तिचा गुण बळांत नसून हलकेपणांत आहे. ती घडविणारांनीं आपल्यापुढें एक जपानी वचन ठेविलें होतें, त्याचा अर्थ असा कीं घोडा आणि स्वार यांचें एक शरीर व्हावें. तेव्हां आमच्या मुलाची मोटार इंग्लंडास निघाली होती ती एका अर्थीं आजोळींच निघाली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाचतां वाचतां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. परकी मोटार दाराशीं आली म्हणजे प्रत्येक राष्ट्र तिला आपापल्या स्वभावाप्रमाणें प्रश्न विचारतें. अमेरिकेच्या नियमांस धरून न बनविलेली मोटार सामान्यतः पंचवीस वर्षें पुरीं झाल्याशिवाय तेथें कायमची आंत येऊं शकत नाहीं. प्रभु रामचंद्रांस चौदा वर्षें वनवास, या गाड्यांस पंचवीस! १९८९ सालची निस्सान स्कायलाइन ही जपानी गाडी आवडणारे अमेरिकन लोक यासाठीं २०१४ सालापर्यंत थांबले. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनीं आणविलेली पोर्शे ९५९ तर जकात खात्याच्या ताब्यांत वर्षानुवर्षें पडून होती. शेवटीं १९९९ सालीं ऐतिहासिक किंवा तांत्रिक दृष्ट्या असामान्य मोटारींसाठीं सवलत निघाली. तींतही वर्षास २,५०० मैलांहून अधिक चालवावयाची नाहीं अशी अट. ऑस्ट्रेलियाचा कटाक्ष मातीवर. चाकास, बुडास लागलेला चिखल, बीं, किडे साफ धुतल्याशिवाय गाडीस प्रवेश नाहीं. आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्यें असणारें ऍस्बेस्टॉस २००३ च्या अखेरीपासून तेथें पूर्ण बंद आहे.

आपल्या देशाचा नियम याहून कडक आहे. वापरलेली मोटार आणावयाची तर ती बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, तिचें स्टिअरिंग उजवीकडे असावें, आणि ती मुंबई बंदरांतूनच यावी. जकात आणखी निराळी. मुलाची गाडी एकोणतीस वर्षांची, आणि स्टिअरिंग डावीकडे. हें आम्हीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां भावजयबाई आंतून म्हणाल्या, “म्हणजे ही गाडी ठेवावयाची तर त्यानें तिकडेच राहिलें पाहिजे.” यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वाचकहो, तें आजही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलानें बाकीचें लिहिलें. तें पत्र त्यानें केवळ आमच्या नांवें धाडलें होतें. २०१३ सालीं आमचे बंधु त्याच्याकडे तीन महिने जाऊन आले. ते एकटेच गेले. कारण त्या वर्षीं आमच्या मातुश्री अंथरुणास खिळल्या होत्या, आणि त्यांचें सर्व करणें भावजयबाईंकडे होतें. दोघांचें तिकीट निघावयाचें तें एकाचेंच निघालें. पुढें मातुश्री गेल्या, आणि २०१५ सालीं बंधूही गेले. भावजयबाईंचें जाणें राहिलें तें राहिलेंच.

आमचे बंधु अबोल. वडिलांच्या वळणाची काळी टोपी घातल्याशिवाय ते कधीं उंबऱ्याबाहेर पडले नाहींत, आणि मोठ्यानें हसलेलेही आम्हांस आठवत नाहींत. अमेरिकेहून ते टोपीशिवाय परत आले. विचारलें तेव्हां ‘विमानांत राहिली’ एवढेंच म्हणाले, आणि वडील बंधूंच्या नात्यानें आम्हीं त्यांस त्या वेंधळेपणाबद्दल चार शब्द ऐकविले, तेही त्यांनीं ऐकून घेतले. आतां मुलानें लिहिलें तें असें. एका रविवारीं तो वडिलांस घेऊन सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस समुद्राकांठच्या रस्त्यानें गेला होता. तो रस्ता डोंगराच्या कडेनें जातो, आणि खालीं पॅसिफिक महासागर. १९३२ सालीं बांधलेला बिक्सबी नांवाचा उंच कमानीचा पूल तेथें आहे. छप्पर उघडें होतें. पूल ओलांडतांना वारा आला आणि बंधूंची टोपी उडून कठड्यापलीकडे गेली. मुलगा घाबरला. त्यानें पुढें जाऊन गाडी उभी केली. बंधूंनीं डोक्यावरून हात फिरविला, समुद्राकडे पाहिलें, आणि ते हसूं लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “घरीं सांगूं नकोस.” तेथून परत येईपर्यंत त्यांनीं छप्पर लावूं दिलें नाहीं.

“बाबांना असें हसतांना मीं त्याआधीं पाहिलें नव्हतें, आणि पुढेंही पाहिलें नाहीं,” मुलानें लिहिलें होतें. “गाडी विकली तर घेणारा तिचीं आसनें बदलील, नवा रंग देईल. त्यांत त्याचें चुकणार नाहीं. गाडी त्याची असेल. म्हणून विकीत नाहीं. चैन म्हणून नेत नाहीं, मोठे काका. पण हें सर्वांसमोर वाचावयाच्या पत्रांत कसें लिहूं? त्यांनीं सांगूं नकोस म्हटलें होतें.”

तें पत्र वाचल्यावर आम्हीं माळ्यावर चढलों. आमची पत्नी खालून ‘या वयांत शिडीवर कशाला?’ म्हणत होती. माळ्यावर एका गोणत्यांत कोंकणांतील जुन्या घरच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या आहेत. १९८८ सालीं संस्थेनें आमची बदली दुसऱ्या गांवच्या शाळेंत केली, तेव्हां जुनें घर काकांच्या वाटणीस गेलें, आणि आम्हीं त्या कड्या तेवढ्या मागून घेतल्या. नव्या बिऱ्हाडीं दोन खोल्या. झोपाळा टांगावयास तुळई नाहीं. तुळई असती तर पाय हलवावयास जागा नाहीं. एस्‌. टी.च्या टपावरून ते ओझें उतरवितांना हमालानें विचारलें, “मास्तर, यांत काय लोखंड आहे?” तेव्हांपासून तीन बिऱ्हाडें झालीं, आणि प्रत्येक वेळीं त्या कड्या आमच्याबरोबर गेल्या. दर दिवाळीस पत्नी चिंच लावून त्या घांसते आणि आम्ही पुनः गोणत्यांत घालतों. त्या झोपाळ्यावर आमची आजी आम्हांस मांडीवर घेऊन रूपावली म्हणून घेई. अपरिग्रहाचें पत्र आम्हीं त्या माळ्याच्या बरोबर खालीं बसून लिहिलें होतें.

परंतु तेथें बसून विचार करतां मुलांत आणि आमच्यांत एक भेद दिसला, आणि तो मुलाच्या बाजूचा होता. जकात खात्याच्या दोन्ही प्रश्नांस आमच्यापाशींही उत्तर आहे. वापरल्या आहेत काय? होय. ठेवणार काय? होय. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो सरकार विचारीत नाहीं. तिकडे नेल्यावर ही वस्तु आपलें काम करील काय? मुलाची गाडी इंग्लंडांत रस्त्यावर धांवणार होती. आमच्या कड्या पस्तीस वर्षें गोणत्यांत होत्या. जी वस्तु आपण स्मरणासाठीं नेतों आणि मग बांधून ठेवतों, तिचें ओझें होतें. स्मरणही त्याबरोबर बांधलें जातें. अपरिग्रहाचा उपदेश करावयाचाच तर तो या ठिकाणीं लागू होता, आणि तो आम्हांस.

आम्हीं मुलास दोन ओळी लिहिल्या. मागील पत्र फाडून टाकावें, गाडी न्यावी. टोपीची गोष्ट आईस सांगण्याची परवानगी मात्र आम्हांस द्यावी. त्याची संमति आली. भावजयबाईंनीं ती गोष्ट उभ्या उभ्या ऐकली, आणि “मला विमानांतली टोपी कधींच खरी वाटली नव्हती,” एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या.

त्यानंतर घराचा नूर पालटला. ज्यांनीं दोष दिला त्यांसच आतां गाडीची काळजी लागली. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें गाडी व तिच्या मालकीचा मूळ दाखला निर्यातीपूर्वीं निदान ७२ तास तेथील जकात खात्यास दाखवावे लागतात. तो दाखला नीट ठेवला आहे ना, असें ज्येष्ठ बंधु दर पत्रांतून विचारीत. पेटीसारख्या मोठ्या कंटेनरमध्यें घालून, पेट्रोल जवळजवळ रिकामें करून, बॅटरीची तार सोडवून, चाकें पट्ट्यांनीं आवळून गाडी निघाली. मुलांनीं भिंतीवरच्या नकाशावर टांचणी लाविली. ती टांचणी मेक्सिकोच्या किनाऱ्यानें खालीं सरकली, १९१४ सालीं खुल्या झालेल्या पनामा कालव्यांतून गेली आणि अटलांटिक ओलांडूं लागली. शाळेंत ज्यांस पनामा कालवा पाठ होत नव्हता त्यांस तो एका आठवड्यांत कायमचा पाठ झाला.

दीड महिन्यांनीं गाडी ब्रिटनला उतरली. तेथें पोंचल्यापासून १४ दिवसांच्या आंत सरकारास कळवावें लागतें. दहा वर्षांहून जुन्या गाडीस तेथें नव्या गाडीप्रमाणें मंजुरीची परीक्षा नसते. पण रस्त्यावर चालण्यास ती सुरक्षित आहे कीं नाहीं याची वार्षिक तपासणी चुकत नाहीं. अमेरिकेंत वाहनें उजवीकडून चालतात, ब्रिटनमध्यें आपल्याप्रमाणें डावीकडून. म्हणून पुढील दिव्यांचा झोत समोरून येणाराच्या डोळ्यांत न जातां डावीकडे वळावा लागतो. मागें धुक्यासाठीं एक तांबडा दिवा हवा, तो अमेरिकन गाड्यांस बहुधा नसतो. दोन्ही देश मैलच मोजीत असल्यामुळें वेगाचा कांटा तेवढा तसाच राहिला. खर्च किती झाला तें येथें लिहीत नाहीं. सूनबाईंचा हिशेब बरोबर होता, इतकें सांगणें न्यायाचें होईल.

म्हणूनच वाचकांनीं आमच्या लिहिण्याचा अर्थ ‘सर्व कांहीं न्यावें’ असा करूं नये. ज्यांचीं मुलें परदेशीं बिऱ्हाड हलवीत आहेत त्यांनीं प्रथम त्या त्या देशाचे नियम, निघण्याच्या निदान सहा महिने आधीं, मूळांतून वाचावे. कारण सहा आणि बारा महिन्यांच्या अटी मागाहून पुऱ्या करतां येत नाहींत. वस्तूची किंमत आणि नेण्याचा खर्च समोरासमोर मांडावा, आणि खर्च अधिक भरला तर तो अधिक भरत आहे हें उघड कबूल करून मग निर्णय घ्यावा. ऋण काढून नेऊं नये. आणि वरील तीन प्रश्न विचारावे. ज्या वस्तूस तिन्ही प्रश्नांचें ‘होय’ उत्तर येईल अशा वस्तु एका मनुष्याच्या संसारांत दोन-चारांहून अधिक नसतात, असा आमचा अनुभव आहे. त्या नेल्यानें कोणाचें जहाज बुडत नाहीं. घरांतील वडिलांनीं मात्र उपदेशाचें पत्र लिहिण्यापूर्वीं आपला माळा एकदां पाहून यावा.

उरला तो भावजयबाईंचा प्रश्न. तो मुलानें सोडवावयाचा नव्हता, आम्हीं सोडवावयाचा होता. मातुश्रींची शुश्रूषा करतांना ज्यांचें जाणें राहिलें त्यांचें तिकीट घरानें काढावयास हवें होतें, तें दहा वर्षें कोणास सुचलें नाहीं. आम्हीं तिघां कुटुंबांनीं मिळून तें काढलें, आणि २०२४ च्या वैशाखांत त्या चार महिन्यांसाठीं इंग्लंडास गेल्या. मुलगा परत येणार कीं नाहीं, हें त्यांनीं त्यास विचारलें काय, तें आम्हांस ठाऊक नाहीं. परत आल्यावर त्या त्याविषयीं बोललेल्या नाहींत.

गाडीविषयीं मात्र बोलतात. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळें त्या उजव्या आसनावर बसत. तिकडे ती चालकाची जागा. म्हणून शेजारून जाणारे लोक नऊवारी नेसलेल्या बाई काय चालवितात म्हणून वळून पाहत. वाहनें उभीं करण्याच्या जागीं फाटकापाशीं यंत्रांतून चिठ्ठी घ्यावी लागते, आणि तें यंत्रही उजव्या हातास असतें. एकटा असला कीं मुलास दर वेळीं गाडींतून उतरून, वळसा घालून ती घ्यावी लागे, आणि मागचे लोक भोंगे वाजवीत. चार महिने ती चिठ्ठी भावजयबाईंनीं हात बाहेर काढून घेतली. “मी नव्हतें तेव्हां याचें कसें होत होतें कोण जाणे,” असें त्या सांगतात, आणि छप्पर उघडें असलें म्हणजे पदर डोक्यावरून घेऊन हातांत घट्ट धरून ठेवीत असत, तेंही सांगतात.